बाळ कुणाचं?

"बाळ कुणाचं? ए बाई, आधी सांग, बाळ कुणाचं?"

पिवळ्या टी-शर्टातल्या एका तरुणाने माझा दंड पकडला होता आणि मागून कुणीतरी पदर ओढत होतं. माझ्या हातात पाच महिन्यांचं गोरंपान बाळ होतं. मान टाकलेली, अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. मे महिना, सकाळचे अकरा वाजून गेलेले, खोताच्या वाडीतून बाहेर पडून मी मोठ्या रस्त्याला लागले होते. मी म्हटलं, "कुणाचं ते मला माहीत नाही. पोर तापलंय, डॉक्टरकडे नेऊ द्या."

खरं तेच बोलले आणि तेच नडलं.

"ऐकलंत का, म्हणते माहीत नाही."

"दुसऱ्याचं पोर घेऊन पळते आणि वर तोंड करून सांगते."

"व्हिडिओ काढ रे. तोंड दिसू दे तिचं."

त्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर पोरं पळवणाऱ्या बायकांचे व्हिडिओ फिरत होते. खरे किती, खोटे किती, कुणाला ठाऊक. त्यांतल्या बायका माझ्यासारख्याच दिसायच्या. वयस्कर, काळ्यासावळ्या, हातात कापडी पिशवी. एकाने माझी पिशवी उघडून बाटलीचा वास घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, "गुंगीचं औषध आहे." ते खोबरेल होतं. गिरगावात राहून माणसाला खोबरेलाचा वास ओळखू येऊ नये, याचं मला त्या वेळीही नवल वाटलं.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीत वंदना उभी होती. तिच्या दोन्ही बाळंतपणांत सव्वा-सव्वा महिना मी तिला आणि तिच्या पोरांना तेल लावलेलं. मी वर बघून ओरडले, "वंदना, सांग यांना मी कोण ते." ती आत गेली. मला वाटलं, खाली येतेय. ती आली नाही.

बाळाचे डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत नजर नव्हती. इतकी वर्षं पोरं हाताळल्यावर डोक्याच्या आधी हाताला कळतं. हे पोर हातातून चाललं होतं.

रस्त्याच्या कडेला एक टॅक्सी उभी होती. तिचा ड्रायव्हर उतरून गर्दीत शिरला. पांढरी दाढी, साठीचा असेल. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाळाच्या गालाला उलटा हात लावला आणि म्हणाला, "पहले बच्चा देखो. अम्मा को बाद में देखना."

पिवळ्या टी-शर्टवाला म्हणाला, "और ये भाग गई तो?"

"तो तुम भी बैठो. पकड के बैठो."

तसा तो बसला. माझा दंड धरूनच.

आता हे पोर माझ्या हातात आलं कसं, ते सांगायला हवं. त्याआधी माझं काम काय, तेही सांगते, कारण हल्ली पुष्कळांना ते माहीत नसतं.

माझं नाव हौसाबाई. शाळा चौथीपर्यंत. डिलाईल रोडच्या चाळीत वाढले, तिथेच लग्न होऊन दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आले. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या सासूचं काम मी हातात घेतलं. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणं, अंघोळ घालणं, शेक देणं. परळ, लालबाग, दादर, गिरगाव, सगळीकडे चालत किंवा बसने. घरातल्या बाया मावशी म्हणतात आणि फोनमध्ये नंबर 'तेलवाल्या मावशी' म्हणून ठेवतात.

काम सोपं दिसतं. मोरीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं. तेलाने बुळबुळीत झालेलं पोर, वर कढत पाणी. एक हात सुटला तर संपलं. पण तेल लावणं हे यातलं अर्धं काम. उरलेलं अर्धं काम आईच्या डोळ्यांना सवय होऊ देणं. पहिल्या दिवशी आई मोरीच्या दारात उभी असते. पोर रडलं की तिचा पाय आत येतो. दुसऱ्या दिवशी ती दारात असते पण टेकून. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज देते. चौथ्या-पाचव्या दिवशी मी अंघोळ आटपून बाळ पुसून आणते तर आई गाढ झोपलेली असते. तिथून पुढे ते घर माझं. दर बाळंतिणीच्या मागे मी मनात एवढंच मोजत आले, कितव्या दिवशी झोपली.

माणसं भरवसा ठेवतात म्हणजे नक्की कशावर ठेवतात, हे मात्र मला कधी कळलं नाही. दादरला एका घरात आजीबाई मला स्वयंपाकघरातून जाऊ द्यायच्या नाहीत. मागच्या गॅलरीतून फिरून मोरीत जायचं. मी कोण, माझं आडनाव काय, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे की नाही, ते त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. आणि त्याच आजीबाईंनी चार दिवसांची नात माझ्या पायावर ठेवली आणि त्या पूजेला निघून गेल्या. मी एकदा विचारलंच, "आजी, पोर चालतं माझ्या हातात, मग चहाचं पातेलं का नाही चालत?" त्या म्हणाल्या, "तुझं आपलं काहीतरीच." तेवढंच. सून त्या घरात दुसऱ्याच दिवशी झोपली.

परळला टॉवरमध्ये त्याच्या उलट. तिथे मला आतपर्यंत मान, खुर्चीवर बसवून चहा. पण आधी माझा फोटो, आधार कार्ड, पोलिसांचा फॉर्म. बाथरूमच्या दाराशी छताला कॅमेरा. आई तिसऱ्या महिन्यात कामावर गेली आणि मी अंघोळ घालताना छतातून आवाज यायला लागला, "मावशी, पाणी जास्त गरम नाही ना?" मी दचकले, पोर दचकलं. मी छताकडे बघून म्हटलं, "ताई, असा मधेच आवाज दिलात तर पोर सांडेल माझ्या हातून." मग छत म्हणालं, "सॉरी मावशी." ती आई झोपली का, कितव्या दिवशी झोपली, कसं मोजणार?

तर त्या मे महिन्यात खोताच्या वाडीत मला एका नव्या बाळंतिणीकडे जायचं होतं. वाडी म्हणजे लाकडी जिन्यांची जुनी बुटकी घरं आणि दोन माणसं शेजारून चालतील एवढी गल्ली. घरं बघायला बाहेरची लोकं येतात, फोटो काढतात. मी आत शिरले तेव्हा दोन पोरी एका बाबागाडीचा फोटो काढत होत्या. मोठी निळी बाबागाडी, बदामाच्या झाडाजवळ उभी, वर पांढरा कपडा टाकलेला, चहूबाजूंनी खोचलेला. "सो क्यूट," म्हणत त्या पुढे गेल्या. मला वाटलं, रिकामी गाडी वाळत ठेवली असेल. मी पुढे गेले. चार पावलं गेल्यावर मागे फिरले. का फिरले, सांगता येत नाही. उन्हात वाळत ठेवलेल्या गाडीवर कपडा कशाला, असं काही असेल.

कपडा काढला तर आत बाळ. अंगात पुरं झबलं, पायांत मोजे, आत भट्टी.

बाळ रडत असतं तर दहा दारं उघडली असती. ते रडत नव्हतं. माणसं येत-जात होती आणि प्रत्येकाला वाटलं, झोपलंय, उठवू नका.

मी एकदा ओरडले, "बाळ कुणाचंय?" कुठे मिक्सर चालू, कुठे खिडक्या बंद करून एसी. कुणी ओ दिली नाही. बाळंतिणीचं ते घर अजून गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. मी बाळ उचललं, मोजे ओढून फेकले आणि मोठ्या रस्त्याकडे पळाले. इथे माझी चूक झाली. बाबागाडी ज्या दारासमोर होती ते दार पाच पावलांवर होतं. ते वाजवायला हवं होतं. आत आई होती, पाणी होतं, पंखा होता. पण चाळीत वाढलेल्या माणसाला दार वाजवायची सवय नसते. आमच्याकडे दारं उघडी. हाक मारली आणि कुणी आलं नाही, म्हणजे कुणी नाही. माझ्या डोक्यात एवढाच हिशेब झाला आणि मी मे महिन्याच्या उन्हातून तापलेलं पोर घेऊन पळत सुटले.

टॅक्सीत मी झबलं काढलं. ड्रायव्हरने पुढून पाण्याची बाटली दिली. मी पदर भिजवून बाळाच्या अंगावर फिरवायला लागले, काखेत, मानेवर, मांड्यांच्या सांध्यात. पाजलं नाही. शुद्ध हरपलेल्या पोराच्या तोंडात पाणी घालू नये, छातीत जातं. पिवळ्या टी-शर्टवाल्याने माझा दंड धरलेलाच होता. मी म्हटलं, "एक हात तरी मोकळा सोड. नाहीतर तू पुस."

त्याने हात सोडला. काय करावं त्याला सुचेना. मग त्याने आपल्या ऑफिसच्या बॅगेतून एक फाईल काढली आणि बाळाला वारा घालायला लागला. "जगेल ना हो?" असं त्याने मला विचारलं. अहो म्हणून. पाच मिनिटांपूर्वी हाच मला ए बाई म्हणत होता.

नर्सिंग होमच्या दारात ड्रायव्हरने गाडी फुटपाथवर चढवली. आम्ही आत पळालो. डॉक्टरीणबाईंनी बाळ ओढूनच घेतलं. एक नर्स विचारायला लागली, "आई कोण?" मी म्हटलं, माहीत नाही. "तुम्ही कोण?" मी म्हटलं, तेलवाली. "आणि हे?"

तो म्हणाला, "मी प्रथमेश. मी... यांना पकडलंय."

नर्सने ते लिहून घेतलं नाही.

आई आली ती त्याच व्हिडिओमुळे. गल्लीच्या तोंडावर काढलेला व्हिडिओ पाच मिनिटांत वाडीतल्या सगळ्यांच्या फोनवर गेला. बाबागाडी उभी होती त्या दारामागे अ‍ॅग्नेस आंटी राहतात, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच जुन्या ख्रिस्ती, ऐंशीच्या पुढच्या, खुब्याचं हाड मोडल्याने पलंगावर. त्यांनी फोनवर झबल्याची लेस बघितली. त्यांनीच विणली होती. सून आतल्या खोलीत त्यांचं अंग पुसत होती. आंटींनी तिला फोन दाखवला. प्रथमेशने मित्राला फोन करून नर्सिंग होमचं नाव सांगितलं होतंच, तेही व्हिडिओसोबत फिरलं. मला चोर ठरवायला काढलेल्या व्हिडिओने आईला पोराचा पत्ता सांगितला. याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. आंटी मला नंतर म्हणाल्या, "काय सांगू गो हौसा, व्हिडिओत तू खरीच चोर दिसत होतीस."

सुनेचं नाव लेना. डेन्मार्कची. नवरा तिकडे कामावर आणि ही सासूच्या आजारपणात चार महिन्यांसाठी येऊन राहिलेली. उंच, लाल झालेली, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्या पायात दुसरीच. बाळाच्या पायाला सलाईन लागलं होतं. तिने बाळाच्या दुसऱ्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला आणि तशीच उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. मी आपली तयारीत होते, दोन थपडा बसतील म्हणून. मग ती माझ्याकडे वळून इंग्रजीत हळू काहीतरी बोलली. प्रथमेशला इंग्रजी येत होतं.

"त्या विचारतायत, बेल का नाही वाजवलीत?"

मी म्हटलं, "तिला विचार, पोर एकटं बाहेर का ठेवलं?"

त्याने विचारलं. ती बोलली.

"त्या म्हणतात, त्यांच्याकडे सगळे ठेवतात."

हवालदार आला. माझं नाव, आडनाव, चाळ, खोली, सगळं लिहायला लागला. प्रथमेश म्हणाला, "साहेब, चोर नाहीयेत या. मला आधी वाटलं होतं."

"मग पकडलं कशाला?"

"तेव्हा वाटलं होतं ना."

हवालदाराने लेनाला विचारलं, तक्रार आहे का? ती म्हणाली, नाही. मला विचारलं, तुमची आहे का, यांनी धरलं म्हणून? मी म्हटलं, दंड दुखतोय, पण तक्रार नाही. तो म्हणाला, "मग मी आलोय कशासाठी?" पाणी पिऊन तो गेला.

मी टॅक्सीवाल्याला बघायला बाहेर आले. टॅक्सी नव्हती. माझी पिशवी तेवढी पायरीवर नीट ठेवलेली होती.

आठवड्याने लेना आमच्या चाळीत आली. पोर छातीशी बांधलेलं, सोबत प्रथमेश. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपणच दर एक-दोन दिवसांनी आंटींकडे पोराची चौकशी करायला जात होता. माझ्या दारात येऊन म्हणाला, "मावशी, मी आलो तर चालेल ना?" मी म्हटलं, "आलास ना. आता बस."

लेना बसली नाही. आमच्या गॅलरीत तिसऱ्या दारापुढे एक पाळणा टांगलेला होता आणि त्यात शेजारच्या रेश्माचं चार महिन्यांचं पोर झोपलेलं होतं. ती पाळण्यापाशी गेली, इकडेतिकडे बघितलं.

"हिची आई?"

"खाली दुकानात गेलीय."

"मग बघतंय कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "सगळे."

ती माझ्याकडे वळली. तिला जे विचारायचं होतं ते विचारायला प्रथमेशची गरज नव्हती. तिच्या तोडक्या मराठीत ती म्हणाली, "मग मी वेगळं काय केलं?"

ऊन होतं, कपडा होता, मोजे होते, हे सगळं मी सांगितलं. सावली हलते म्हणून सांगितलं. नऊ वाजता बदामाची सावली गाडीवर होती, अकराला भिंतीवर गेली, हे तिलाही कळून चुकलं होतं. ते ती कबूल करत होती. पण ती तेवढंच विचारत नव्हती.

मग बसली आणि सांगायला लागली. तिकडे बर्फ पडत असताना पोरं बाहेर झोपवतात, हॉटेलात कॉफी पितात आणि गाडी फुटपाथवर. पोर रडलं तर येणारा-जाणारा आत जाऊन सांगतो, कुणाचं तरी पोर उठलंय. पण हात कुणी लावत नाही. हात लावणार नाही हे ठाऊक असतं, म्हणून ठेवतात. मी म्हटलं, आमच्याकडे हात लावणारच हे ठाऊक असतं, म्हणून ठेवतो. रेश्माच्या पोराने आता टँ केलं तर मी उचलेन, मी नसेन तर पलीकडची उचलेल. रेश्मा विचारणारही नाही, कुणी उचललं.

प्रथमेश म्हणाला, "पण हे गिरगावात रस्त्यावर नाही ना चालत, मावशी."

"का नाही चालत?"

"चालायचं पूर्वी. आता कुणी कुणाला ओळखत नाही."

"वंदना ओळखत होती," मी म्हटलं.

वंदनाला मी त्याआधीच गाठून विचारलं होतं. ती म्हणाली, "मावशी, मला वाटलं तुम्हीच आहात. पण हातात गोरं बाळ बघितलं आणि मला काही कळेचना. मग वाटलं, खाली जाऊन आपणच अडकलो तर?" खोटं बोलत नव्हती ती. तिच्या दोन पोरांना मी पायावर घेतलं. ती तिसऱ्या दिवशी झोपली होती, मला आठवतं.

लेनाची नोकरी मला त्या दिवशी कळली. तिकडे एका ऑफिसात ती काम करते, ते युरोपातल्या देशोदेशी माणसं पाठवून लोकांना घरी जाऊन प्रश्न विचारतं. शेजाऱ्यांवर भरवसा आहे का, पोलिसांवर, कोर्टावर. आठवड्यात कुणाला भेटता का. मनातलं बोलायला कुणी आहे का. आयुष्य बरं चाललंय का. शून्य ते दहा नंबर द्यायचा. मला हसू आलं. म्हटलं, "मला विचार बघू."

तिने विचारलं, प्रथमेशने सांगितलं. "बहुतेक माणसं भरवशाची असतात, की जपून राहिलेलं बरं?"

"कुठली माणसं?"

"अशीच. साधारण."

"साधारण माणूस मी बघितला नाही. नाव सांग, मग सांगते."

"मावशी, नंबर द्यायचाय फक्त."

"मग तुलाच देते. तू मला धरलंस, त्याला किती? वारा घातलास, त्याला किती? हात तोच होता."

त्याने हे लेनाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मग मला म्हणाला, "पाच सांगू?" मी म्हटलं, "सांग काय ते." पण पाच मी म्हटलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

मी तिला उलट विचारलं, तुझा तिकडचा शेजारी कोण? ती म्हणाली, त्याचं नाव तिला ठाऊक नाही, चार वर्षं एकाच मजल्यावर राहतात. नाव ठाऊक नसलेल्या माणसाच्या भरवशावर ही पोर बाहेर ठेवते. आम्हाला मजल्यावरच्या प्रत्येकाचं नाव, दुखणं आणि भांडण पाठ, आणि रात्री दाराला आतून कडी घालून वर खिट्टी. कोण कुणावर जास्त भरवसा ठेवतं, मी पुष्कळ विचार केला. मला जमलं नाही.

जाताना तिने विचारलं, नोराला अंघोळ घालाल का? बाळाचं नाव नोरा, ते तेव्हा कळलं.

तिचे दोन महिने उरले होते. मी रोज सकाळी खोताच्या वाडीत जायला लागले. पहिल्या दिवशी वाडीतली लोकं दारांत येऊन बघत होती. ज्याने खोबरेलाचा वास घेतला होता तोही होता. म्हणाला, "या मावशी, काय, बरं आहे ना?" मी म्हटलं, "औषध आणलंय." तो आत गेला.

नोरा गुणी पोर. पाणी पडलं की गप्प व्हायची. लेना पहिल्या दिवशी मोरीच्या दारात उभी राहिली, ते नेहमीचंच. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या, पाचव्या, दहाव्या दिवशीही. आंटी आतून ओरडायच्या, "अगो लेना, हौसाने अर्धी मुंबई धुतलीय. पड जरा." ती हसायची आणि तिथेच उभी. टेकायचीसुद्धा नाही. जी बाई अनोळखी गल्लीत पोर ठेवून आत गेली होती, ती मी तिच्या पोराला तेल लावत असताना दोन महिने डोळ्याला डोळा न लावता उभी राहिली. शेवटच्या दिवशीही उभीच होती. निघताना तिने मला मिठी मारली, घट्ट, माझ्या तेलकट हातांसकट. मग तिचा माझ्यावर भरवसा बसला होता की उडाला होता? की माझ्यावर बसला होता आणि बाकी सगळ्यांवरचा उडाला होता? तिकडे गेल्यावर ती पोर पुन्हा बाहेर झोपवते का, हे मी आंटींना फोनवर विचारायला सांगितलं होतं. आंटी म्हणाल्या, "विचारलं. म्हणते, ठेवते, पण खिडकीत बसून." तिकडची एक आई मी खिडकीत बसवली. हे काही चांगलं काम झालं असं मला वाटत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मी पुढे निघून गेले असते तर उशीर झाला असता. पण मी दार वाजवलं असतं तर लवकर झालं असतं. दोन्ही खरं आहे. लोकं मला पहिलंच सांगतात.

आता काम सोडलं. गुडघे पाटावर बसू देत नाहीत. आमची चाळ पाडली आणि बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं. हवा चांगली, पाणी चोवीस तास, संडास घरात. आयुष्य बरं चाललंय का विचारलं तर हो म्हणावं लागेल. मजल्यावर सहा दारं, सहाही बंद. रेश्मा कितव्या मजल्यावर आहे, मला विचारावं लागलं. मी माझं दार उघडं ठेवते. समोरची नवी सून परवा येऊन म्हणाली, "आजी, तुमचं दार चुकून उघडं राहिलंय." आणि तिने ते बाहेरून ओढून घेतलं. चांगल्या मनाने. मी पुन्हा उघडलं.

त्या दिवशी टॅक्सीत आम्ही चौघं होतो. नोरा सहा वर्षांची झाली, सायकल चालवते, आंटींनी फोटो दाखवला. प्रथमेशला यंदा मुलगी झाली. त्याची बायको सातव्या दिवशी झोपली, मी शेवटची अंघोळ घातली ती त्याच पोरीला. मी आहे. टॅक्सीवाला आहे की नाही ते मला माहीत नाही. मी त्याचं नाव विचारलं नाही.